क्लिपबोर्डवरून पेस्ट केलेलं चित्र खालच्या चित्रात कसं मिसळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरकर्त्याने कुठूनतरी चित्र कॉपी केलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केलं, आणि ते खालच्या चित्रावर नीट बसलं पाहिजे. हे काम कोडमधून करणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं बहुतेक पायथनच्या पिलो लायब्ररीतली आहेत. क्यूटी, जीडीआय प्लस, इमेजमॅजिक किंवा ब्राउझरचा कॅनव्हास वापरत असाल तर नावं बदलतील, गणित तेच राहील.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. पेस्ट केलेलं चित्र विचित्र दिसलं की हात आधी ब्लेंड मोडकडे, म्हणजे दोन रंग मिसळण्याच्या पद्धतीकडे, जातो. पण गडबड बऱ्याचदा त्याच्या आधीच झालेली असते: क्लिपबोर्डवरून चित्र उचलतानाच त्याची पारदर्शकता हरवलेली असते किंवा तिचा चुकीचा अर्थ लावलेला असतो. म्हणून खालच्या उत्तरांत अल्फाबद्दल, म्हणजे पिक्सेलची पारदर्शकता सांगणाऱ्या आकड्याबद्दल, बरंच बोललो आहे आणि मोडबद्दल त्या मानाने कमी.

चित्र ‘मिसळणं’ म्हणजे नेमकं काय काय ठरवायचं असतं?

तीन गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली, वरच्या चित्राचा प्रत्येक पिक्सेल खालचं किती झाकतो. हे अल्फा चॅनल सांगतो: ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. दुसरी, जिथे दोन्ही चित्रं आहेत तिथे दोन रंगांपासून तिसरा रंग कसा काढायचा. हा झाला ब्लेंड मोड, म्हणजे नॉर्मल, मल्टिप्लाय, स्क्रीन वगैरे. तिसरी, जिथे फक्त वरचं किंवा फक्त खालचं चित्र आहे तो भाग ठेवायचा की टाकायचा; हे कंपोझिटिंगचं काम.

अल्फाची कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी पुढे आणली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी बारा कंपोझिटिंग क्रिया मांडल्या आणि त्यांचं गणित पक्कं केलं. आज जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत दिसणारी ‘सोर्स ओव्हर’ ही त्यांचीच ‘ओव्हर’ क्रिया. काही लायब्ररी ब्लेंड मोड आणि कंपोझिटिंग एकाच यादीत दाखवतात. ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये तर दोन्हींसाठी एकच गुणधर्म आहे. त्यामुळे मल्टिप्लाय आणि सोर्स ओव्हर यांतलं एकच निवडता येतं असं वाटतं. प्रत्यक्षात मल्टिप्लाय निवडलं तरी कंपोझिटिंग सोर्स ओव्हरनेच होतं.

मी काहीच सेट केलं नाही तर काय होतं?

लायब्ररीगणिक वेगळं होतं. क्यूटीचा पेंटर, जीडीआय प्लसचं ग्राफिक्स ऑब्जेक्ट, कॅनव्हास आणि इमेजमॅजिक हे सगळे मुळात सोर्स ओव्हर धरून चालतात, म्हणजे पारदर्शक भागातून खालचं दिसतं. पिलोच्या पेस्ट फंक्शनला मास्क (कुठे किती उतरवायचं ते सांगणारं चित्र) दिला नाही तर मात्र ते अल्फा विचारातच घेत नाही. वरच्या चित्राचा अख्खा चौकोन, अल्फाच्या आकड्यांसकट, खालच्या चित्रात उतरवून मोकळं होतं. खालचं चित्र आरजीबीए (तीन रंग अधिक अल्फा) असेल तर तिथे भोक पडल्यासारखं दिसतं, आरजीबी (फक्त तीन रंग) असेल तर पारदर्शक भागात दडलेला रंग उघडा पडतो.

पारदर्शक लोगो कॉपी केला, पेस्ट केल्यावर मागे काळा चौकोन आला. कुठला मोड लावू?

कुठलाही नको. स्क्रीन किंवा लाइटन लावून काळा रंग नाहीसा करता येतो हे खरं, पण लोगोतला काळा भागही त्याच्याबरोबर जातो आणि बाकीचे रंग फिके पडतात. दुखणं मोडमध्ये नाही, अल्फा वाटेत गळून पडला आहे.

विंडोजवर हे फार वेळा होतं, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तिथे क्लिपबोर्डवर एकच चित्र एकाच वेळी अनेक स्वरूपांत ठेवता येतं. सगळ्यात जुनी आणि सर्रास मिळणारी दोन स्वरूपं म्हणजे सीएफ बिटमॅप आणि सीएफ डीआयबी. डीआयबीमध्ये प्रत्येक पिक्सेलला ३२ बिट दिले तरी साध्या प्रकारात चौथी बाइट अधिकृतपणे ‘न वापरलेली’ असते. काही प्रोग्रॅम तिथे अल्फा भरतात, काही शून्य ठेवतात. वाचणाऱ्याने ती बाइट सोडून दिली की पूर्ण पारदर्शक पिक्सेलमध्ये जे काही रंगाचे आकडे होते तेच समोर येतात. ते बहुधा शून्य-शून्य-शून्य असतात, म्हणजे काळा.

सीएफ डीआयबी व्ही५ या नंतरच्या स्वरूपात १२४ बाइटचं शीर्षक असतं आणि त्यात अल्फा कुठे आहे हे स्पष्ट सांगता येतं. पण इथे एक मेख आहे: मूळ प्रोग्रॅमने फक्त साधा डीआयबी ठेवला असेल तरी विंडोज त्यापासून व्ही५ स्वतः तयार करून देतं. व्ही५ मिळालं म्हणजे अल्फा खरा आहे, असा निष्कर्ष काढू नका.

मग अल्फा शाबूत असलेलं चित्र क्लिपबोर्डवरून कसं मिळवायचं?

आधी ‘पीएनजी’ या नावाने नोंदवलेलं स्वरूप आहे का ते बघा. बरेच ब्राउझर आणि चित्र-संपादक विंडोजवर डीआयबीच्या जोडीला ते ठेवतात. पीएनजीमध्ये अल्फाचा अर्थ मानकातच ठरलेला असल्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. ते नसेल तर व्ही५, आणि अगदी शेवटी साधा डीआयबी. मॅकवर पेस्टबोर्डवर पीएनजी आणि टिफ असे प्रकार असतात, दोन्हींत अल्फा राहू शकतो. लिनक्सवर एक्स११ ही खिडक्या सांभाळणारी प्रणाली असेल तर क्लिपबोर्डच्या मालक प्रोग्रॅमला, म्हणजे जिथून कॉपी केलं त्याला, आधी ‘टार्गेट्स’ (उपलब्ध स्वरूपं) विचारावे लागतात आणि त्या यादीतून इमेज/पीएनजी मागावं लागतं. तिथे चित्र प्रत्यक्षात मालक प्रोग्रॅमकडेच असतं, म्हणून क्लिपबोर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम चालू नसेल तर कॉपी करून मूळ प्रोग्रॅम बंद केला की पेस्ट करायला काही उरत नाही.

पिलोत इमेजग्रॅबचं ग्रॅबक्लिपबोर्ड हे फंक्शन आहे. त्याचं उत्तर तीन प्रकारचं असू शकतं: चित्र, फाइलींच्या नावांची यादी किंवा नन (म्हणजे काहीच नाही). वापरकर्त्याने फोल्डरमधून फाइलच कॉपी केली असेल तर यादी येते. ती फाइल उघडून वाचा, आणि तिथे अल्फा शाबूत मिळण्याची शक्यता जास्तच. लिनक्सवर हे फंक्शन डब्ल्यूएल-पेस्ट किंवा एक्सक्लिप या बाहेरच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतं, ते इन्स्टॉल नसतील तर एरर येते. चित्र हाती आलं की पहिल्यांदा त्याचा मोड छापून बघा (हा ब्लेंड मोड नव्हे; चित्रात कुठले चॅनल आहेत त्याला पिलो मोड म्हणतं). आरजीबी दिसलं तर अल्फा आधीच गेलेला आहे, पुढे कितीही खटपट केली तरी तो परत येणार नाही.

मोड आरजीबीए आहे, तरी पेस्ट केल्यावर काहीच दिसत नाही.

अल्फा चॅनलची किमान आणि कमाल किंमत काढा. दोन्ही शून्य असतील तर वर सांगितलेली ‘न वापरलेली’ चौथी बाइट कुणीतरी अल्फा म्हणून वाचली आहे. अशा वेळी चित्र पूर्ण अपारदर्शक मानून सगळा अल्फा २५५ करावा, असा नियम मी सरसकट लावतो. अख्खं चित्र अदृश्य असावं म्हणून कुणी कॉपी करत नाही.

चित्र बसलं, पण कडेने काळपट रेघ दिसते. कधी उलट, पांढरी चमक दिसते.

अल्फा साठवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची इथे अदलाबदल झालेली असू शकते. स्ट्रेट पद्धतीत रंग जसाच्या तसा ठेवतात आणि अल्फा शेजारी. प्रीमल्टिप्लाइड पद्धतीत रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात. लाल २०० आणि अल्फा १२८ असेल तर स्ट्रेटमध्ये लाल २०० च लिहिला जातो, प्रीमल्टिप्लाइडमध्ये साधारण १००.

आता प्रीमल्टिप्लाइड चित्र स्ट्रेट समजून मिसळलं तर त्या १०० ला पुन्हा अल्फाने गुणलं जातं आणि ५० उरतात. पूर्ण अपारदर्शक भागाला काही होत नाही, कारण तिथे गुणाकार एकनेच होतो. फक्त अर्धवट पारदर्शक कडा काळवंडतात. उलटी चूक झाली, म्हणजे स्ट्रेट चित्र प्रीमल्टिप्लाइड समजलं, तर कडा गरजेपेक्षा उजळ होतात.

कोण काय वापरतं ते माहीत असलेलं बरं. पीएनजीमध्ये अल्फा नेहमी स्ट्रेट असतो. विंडोजच्या जीडीआयमधलं अल्फाब्लेंड फंक्शन पिक्सेलवार अल्फासाठी प्रीमल्टिप्लाइड चित्रच मागतं. क्यूटीत दोन्ही स्वरूपं आहेत आणि रंगकामासाठी प्रीमल्टिप्लाइड वेगवान पडतं. पिलोत मोठ्या ‘ए’चा आरजीबीए मोड स्ट्रेट असतो आणि लहान ‘ए’चा आरजीबीए मोड प्रीमल्टिप्लाइड, नावातला फरक एका अक्षराच्या आकाराइतकाच, म्हणून वाचताना नजर चुकते.

क्लिपबोर्डवरच्या डीआयबीत यांपैकी काय आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. तरी एक चाचणी करता येते: प्रीमल्टिप्लाइड चित्रात कुठल्याही रंगाचा आकडा त्या पिक्सेलच्या अल्फापेक्षा मोठा असूच शकत नाही. असा एक जरी पिक्सेल सापडला तरी चित्र स्ट्रेट आहे हे नक्की. एकही सापडला नाही तर प्रीमल्टिप्लाइड असण्याची शक्यता बळावते, खात्री मात्र देता येत नाही. गडद रंगांचं स्ट्रेट चित्रही या चाचणीतून पार होतं.

पिलोत पेस्ट, अल्फा कंपोझिट, ब्लेंड, कंपोझिट अशी चार फंक्शनं आहेत. कुठलं वापरू?

क्लिपबोर्डचं पारदर्शक चित्र दुसऱ्या चित्रावर ठेवायचं असेल तर अल्फा कंपोझिट. बाकीची तीन त्या कामासाठी बनलेलीच नाहीत, तरी सगळ्यात जास्त वापर पेस्टचाच होताना दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘चित्र पेस्ट करा आणि मास्क म्हणून तेच चित्र द्या’ ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. खालचं चित्र पूर्ण अपारदर्शक असेल तर ती चालते. पण खालचा कॅनव्हास पारदर्शक असला की ती फसते. पेस्ट मास्कच्या प्रमाणात चारही चॅनल मिसळतं, अल्फासुद्धा. वरच्या पिक्सेलचा अल्फा १२८ असेल आणि खालचा शून्य, तर निकालाचा अल्फा १२८ गुणिले १२८ भागिले २५५, म्हणजे ६४ होतो. जो पिक्सेल निम्मा दिसायला हवा तो पाव दिसतो. शिवाय खालचा पारदर्शक पिक्सेल काळा असेल तर त्याचा काळेपणाही रंगात उतरतो. मऊ सावल्या आणि अक्षरांच्या कडा यात सगळ्यात आधी बिघडतात.

अल्फा कंपोझिट मात्र पोर्टर-डफचं ‘ओव्हर’ नीट करतं: निकालाचा अल्फा म्हणजे वरचा अल्फा, अधिक वरच्याने न झाकलेल्या भागातला खालचा अल्फा. त्यासाठी दोन्ही चित्रं आरजीबीए हवीत. स्वतंत्र फंक्शन म्हणून वापरताना दोन्ही एकाच मापाची लागतात. चित्राची मेथड म्हणून वापरलं तर जागा देता येते आणि मूळ चित्रच बदलतं.

ब्लेंड हे अख्ख्या चित्राला एकच प्रमाण लावून दोन चित्रांमधली सरासरी काढतं. एक चित्र विरत जाऊन दुसरं उमटतं तशा बदलासाठी ते छान आहे, पण पेस्टसाठी नाही. कंपोझिट दोन चित्रांमधून मास्कप्रमाणे निवड करतं.

मल्टिप्लाय, स्क्रीन, डिफरन्स… कुठला मोड कधी?

मल्टिप्लाय दोन रंगांचे आकडे गुणून २५५ ने भागतं. पांढऱ्याने गुणलं तर खालचा रंग तसाच राहतो, काळ्याने गुणलं तर काळं. रंगीत पारदर्शक कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावेत तसा परिणाम. पांढऱ्या कागदावरची स्कॅन केलेली सही किंवा शिक्का दस्तऐवजावर पेस्ट करायचा असेल तर यासारखा मोड नाही. पांढरी पार्श्वभूमी आपोआप नाहीशी होते, शाई राहते, आणि शाईखालचा मजकूरही वाचता येतो. अशा चित्रात अल्फा नसला तरी चालतं, हा त्याचा मोठा फायदा. कागद थोडा करडा आला असेल तर मात्र तो करडेपणाही उतरतो. आधी लेव्हल्स वाढवून कागद खरोखर पांढरा करून घ्या.

स्क्रीन याच्या बरोब्बर उलट: काळं नाहीसं होतं, उजळ भाग राहतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा प्रकाश, ठिणग्या, तारे यांसाठी.

डार्कन आणि लाइटन दर चॅनलमध्ये अनुक्रमे लहान आणि मोठा आकडा निवडतात. रंगीत चित्रात कधी कधी दोघांपैकी कुणाचाच नसलेला रंग निघतो, कारण लाल एका चित्राचा आणि निळा दुसऱ्याचा घेतला जातो. पिलोत यांची नावं डार्कर आणि लायटर आहेत.

डिफरन्स सजावटीसाठी क्वचितच लागतं, पण जुळवणीसाठी अतिशय कामाचं आहे. एकाच स्क्रीनचे दोन स्क्रीनशॉट एकमेकांवर डिफरन्सने ठेवा. जिथे ते सारखे आहेत तिथे निव्वळ काळं दिसतं, जिथे एका पिक्सेलचाही फरक आहे तिथे ठिपका चमकतो. पेस्ट केलेला तुकडा अचूक जागी सरकवण्यासाठी यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही.

ओव्हरले, हार्ड लाइट, सॉफ्ट लाइट हे कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या कुळातले. ओव्हरले म्हणजे वरचं-खालचं अदलाबदल करून लावलेलं हार्ड लाइट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ह्यू, सॅच्युरेशन, कलर, ल्युमिनॉसिटी हे चार मोड दर चॅनल वेगळा न घेता तिन्ही एकत्र घेऊन हिशोब करतात. पिलोच्या इमेजचॉप्समध्ये (ब्लेंड मोडची फंक्शनं असलेल्या भागात) ते नाहीत, स्वतः लिहावे लागतात.

इमेजचॉप्सने डिफरन्स लावलं आणि चित्र पूर्ण गायब झालं.

आरजीबीए चित्रांवर लावलंत, म्हणून. इमेजचॉप्सला चौथा चॅनल अल्फा आहे याचं भान नसतं, तो त्यावरही तीच क्रिया करतो. दोन्ही चित्रं अपारदर्शक असतील तर २५५ वजा २५५ म्हणजे शून्य अल्फा. निकाल बरोबर काढलेला असतो, पण दिसत नाही. मल्टिप्लायमध्ये अर्ध-पारदर्शक भाग याच कारणाने आणखी पातळ होतात.

इलाज सरळ आहे. दोन्ही चित्रांतून अल्फा वेगळा काढून ठेवा, मोड फक्त आरजीबीवर लावा, आणि अल्फाचा हिशोब स्वतंत्रपणे करा.

तो हिशोब कसा?

आधी ब्लेंड मोडने मिश्र रंग काढा. मग खालच्या अल्फाच्या प्रमाणात वरचा मूळ रंग आणि हा मिश्र रंग यांची सरासरी घ्या: खालचं चित्र पूर्ण अपारदर्शक असेल तर सगळा मिश्र रंग, खाली काहीच नसेल तर सगळा मूळ रंग. आलेल्या रंगाला वरच्या चित्राचा मूळ अल्फा जोडा आणि ते नेहमीच्या ‘ओव्हर’ने खालच्या चित्रावर ठेवा.

मधली पायरी पुष्कळ जण गाळतात. मग पारदर्शक कॅनव्हासवर मल्टिप्लायने पेस्ट केलेलं चित्र काळं पडतं, कारण खाली ‘काहीच नाही’ असं असताना तिथला शून्य-शून्य-शून्य खरा काळा रंग समजून गुणाकार झालेला असतो. पिलोत हे सगळं तीन-चार ओळींत बसतं: आरजीबी भागावर इमेजचॉप्स, खालचा अल्फा मास्क म्हणून देऊन कंपोझिट, वरचा अल्फा पुटअल्फाने परत जोडणं, आणि शेवटी अल्फा कंपोझिट.

पेस्ट केलेलं चित्र ५० टक्के फिकं ठेवायचं आहे. पुटअल्फाला १२८ दिलं तर?

चौकोनी फोटो असेल तर ठीक. पण चित्रात आधीच पारदर्शक भाग असतील तर तेही १२८ होतात, आणि लोगोभोवती अर्धपारदर्शक काळा चौकोन उगवतो. अल्फा चॅनल बाहेर काढा, प्रत्येक किंमत ०.५ ने गुणा आणि मग पुटअल्फाने परत बसवा. शून्य शून्यच राहतो.

नमपायमध्ये हिशोब केला तर रंग भलतेच येतात.

नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत आठ बिटांचे पूर्णांक २५५ च्या पुढे गेले की पुन्हा शून्यापासून सुरू होतात. २०० अधिक १०० चं उत्तर ४४ येतं, २०० गुणिले २०० चं ६४. एररही येत नाही, रंग मुकाट्याने बदलतात. हिशोबाआधी फ्लोट३२ (दशांश आकडे) मध्ये रूपांतर करा, शेवटी ० ते २५५ मध्ये बांधून, पूर्णांकाला गोल करून परत आठ बिटांत आणा. फक्त गुणाकार असेल तर बिनचिन्हाचे १६ बिटही पुरतात, कारण २५५ गुणिले २५५ म्हणजे ६५,०२५.

ओपनसीव्ही ही चित्र-प्रक्रियेची लायब्ररी वापरत असाल तर तिथे चॅनलचा क्रम निळा-हिरवा-लाल असतो. पेस्ट केल्यावर माणसांची कातडी निळसर दिसली तर दुसरं काही शोधू नका.

वेगासाठी २५५ ने भागण्याऐवजी आठ बिट उजवीकडे सरकवले तर चालेल का?

नाही. तसं केल्याने २५६ ने भागलं जातं आणि २५५ गुणिले २५५ चं उत्तर २५५ ऐवजी २५४ येतं. एका पेस्टमध्ये डोळ्याला कळणार नाही, पण ब्रशसारखं तेच तेच वारंवार पेस्ट केलं की पांढरा हळूहळू मळतो. भागाकार टाळायचाच असेल तर गुणाकारात १२८ मिळवा, आलेल्या बेरजेत तीच बेरीज आठ बिट सरकवून मिळवा, आणि मग एकूण आठ बिट सरकवा. हे उत्तर २५५ ने भागून गोल केल्याइतकंच अचूक असतं.

लिनियर लाइटमध्ये ब्लेंड करायला हवं का?

प्रामाणिकपणे बोलायचं तर शास्त्र ‘हो’ म्हणतं आणि व्यवहार बहुतेक वेळा ‘नको’. लिनियर म्हणजे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात असणं. एसआरजीबी (पडद्यांसाठीचं नेहमीचं रंग-मानक) चित्रातले आकडे तसे नसतात, डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. काळा आणि पांढरा निम्मा-निम्मा मिसळला तर आकड्यांची सरासरी १२८ येते. प्रकाशाची खरी सरासरी काढून परत एसआरजीबीत आणली तर १८८. फरक लहान नाही. लाल आणि हिरव्याच्या मऊ सीमेवर साध्या सरासरीने मळकट पट्टा दिसतो, तो यामुळेच.

तरीही बहुतेक चित्र-संपादक आणि ब्राउझर वाकवलेल्या आकड्यांवरच ब्लेंड करतात, आणि वापरकर्त्याची नजर त्याच परिणामाला सरावलेली असते. त्याने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलेली सावली तुमच्याकडे वेगळ्या गडदपणाची दिसली तर तो तुमचीच चूक धरेल. म्हणून माझा सल्ला असा: पेस्टसाठी नेहमीचीच पद्धत ठेवा. फोटोंचे मोठे ब्लर, प्रकाशाचे परिणाम किंवा त्रिमितीय रेंडर जोडत असाल तर लिनियर वापरा. आणि लिनियर वापरायचं ठरलं तर आठ बिटांत साठवू नका. गडद छटांत पायऱ्या दिसू लागतात.

पेस्ट केल्यावर चित्राचं माप बदललं की कडेला झालर येते.

स्ट्रेट अल्फाचं चित्र तसंच लहान केलं तर पारदर्शक पिक्सेलमध्ये दडलेले रंग शेजाऱ्यांत मिसळतात. आधी प्रीमल्टिप्लाय करा, माप बदला, मग परत स्ट्रेट करा. पिलोचं रिसाइझ आरजीबीए चित्रासाठी, निअरेस्ट सोडून बाकी सगळ्या फिल्टरमध्ये, हे स्वतःच करतं. स्वतःच्या नमपाय कोडमध्ये किंवा ओपनसीव्हीत ते तुम्हाला करावं लागेल.

पॅलेटवालं किंवा करड्या रंगाचं चित्र आलं तर?

लगेच आरजीबीएत रूपांतर करा. पॅलेट मोडमध्ये पिक्सेलचा आकडा म्हणजे रंग नव्हे, यादीतला क्रमांक असतो. क्रमांकांची सरासरी काढण्याला काही अर्थ नाही.

रंग किंचित वेगळे दिसतात, मोड तर नॉर्मल आहे.

रंग-प्रोफाइल, म्हणजे आकड्यांचा नेमका रंग कोणता ते सांगणारी माहिती, तपासा. मॅकवरच्या स्क्रीनशॉटमध्ये त्या पडद्याचं प्रोफाइल असतं, खालचं चित्र एसआरजीबी असेल तर आकडे तसेच मिसळणं चुकीचं ठरतं. पेस्ट करण्याआधी वरचं चित्र खालच्याच्या प्रोफाइलमध्ये आणा. क्लिपबोर्डवरून प्रोफाइल आलंच नाही तर एसआरजीबी धरून चाला.

शेवटी जेपेगमध्ये सेव्ह करताना पार्श्वभूमी काळी का होते?

जेपेगमध्ये अल्फा नसतो. आरजीबीएचं आरजीबीत नुसतं रूपांतर केलं तर पिलो अल्फा टाकून देतं आणि दडलेले रंग उघडे पडतात. त्याआधी पांढरा किंवा हवा तो अपारदर्शक कॅनव्हास घेऊन त्यावर अल्फा कंपोझिट करा.

याला धरूनच एक आग्रह: सेव्ह होईपर्यंत पेस्ट केलेलं चित्र खालच्यात कायमचं मिसळू नका. चित्र, त्याची जागा, मोड आणि फिकेपणा वेगळे सांभाळा आणि दर वेळी पडद्यासाठी नव्याने मिसळा. वापरकर्ता पेस्ट केल्यावरच ठरवतो की मल्टिप्लाय हवं होतं की नॉर्मल. एकदा पिक्सेल मिसळले की त्याला परतीची वाट उरत नाही.

माझा कोड बरोबर आहे हे कसं तपासू?

फोटो वापरू नका, त्यात चुका लपतात. एका पिक्सेलचं चित्र घ्या: लाल २५५, हिरवा ०, निळा ०, अल्फा १२८. ते नॉर्मल मोडमध्ये अपारदर्शक पांढऱ्यावर ठेवा. उत्तर २५५, १२७, १२७ यायला हवं. अपारदर्शक काळ्यावर १२८, ०, ०. पूर्ण पारदर्शकवर ते जसंच्या तसं राहायला हवं, अल्फा १२८ सकट. इथे अल्फा ६४ आला तर पेस्ट आणि मास्कची युक्ती कुठेतरी शिरली आहे. आता मल्टिप्लाय लावा: पांढऱ्यावर पुन्हा २५५, १२७, १२७, काळ्यावर काळं, आणि पारदर्शकवर पुन्हा न बदललेला लाल. शेवटी अल्फा २५५ करून पांढऱ्यावर स्क्रीन लावा, निव्वळ पांढरं उरलं पाहिजे. गोल करण्यामुळे एका आकड्याचा फरक पडला तर सोडून द्या, दोनचा पडला तर शोधा.

हेच पिक्सेल मग खऱ्या क्लिपबोर्डवरून फिरवून आणा, एकदा ब्राउझरमधून कॉपी करून आणि एकदा चित्र-संपादकातून. थेट दिलेलं चित्र पास होतं आणि क्लिपबोर्डवरून आलेलं नापास, असं झालं तर ब्लेंडच्या कोडला हात न लावता स्वरूप निवडणाऱ्या ओळींकडे जा.